बोटाखालची नाडी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांच्या हाताखाली मी दीड वर्ष काम केलं. गावाला ते डॉक्टरसाहेब होते, आम्हा शिकाऊ पोरांना सर. नुकतं जन्मलेलं लेकरू तपासायला घेतलं की सर स्टेथोस्कोप कानाला लावायच्या आधी दोन बोटं त्याच्या जांघेत ठेवायचे. डोळे खाली, तोंडातून शब्द नाही. लेकरू रडत असेल तर ते शांत होईपर्यंत बोटं तशीच राहायची. नाडी लागली की मान हलायची आणि मग पुढची तपासणी सुरू व्हायची. बाहेर ओपीडीत साठ-सत्तर माणसं ताटकळलेली असताना हे अर्धं मिनिट आम्हाला फार मोठं वाटायचं.

त्या अर्ध्या मिनिटाचा अर्थ असा. हृदयातून निघालेली महाधमनी वाटेत कुठे आवळलेली असेल तर हाताची नाडी जोरात लागते आणि जांघेतली क्षीण होते, किंवा लागतच नाही. जन्मल्यावर काही दिवस एक जादा रक्तवाहिनी उघडी असते, तिच्या आधाराने लेकरू तग धरतं. ती वाहिनी मिटली की चारपाच दिवसांचं, कधी दहा दिवसांचं, गुटगुटीत बाळ एकाएकी मलूल पडतं, दूध सोडतं, पाय गार पडतात.

सरांकडून बाहेर पडून मी स्वतःचा दवाखाना सुरू केला, त्याच्या तिसऱ्या वर्षी नऊ दिवसांचं एक लेकरू माझ्याकडे आलं. मलूल, दूध सोडलेलं, पाय गार. मला जंतुसंसर्ग वाटला. तसा तो वाटणं चूक नव्हतं, शंभरात नव्वद वेळा तोच असतो. मी अँटिबायोटिक सुरू केलं, सलाईन लावलं, रात्रभर बसून राहिलो. जांघेत बोटं ठेवली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. नाडी नव्हती. हैदराबादला पाठवलं, पण लेकरू वाटेतच गेलं. महिन्याभराने त्याची आई मोठ्या मुलीला डोस द्यायला माझ्याकडेच आली. एक शब्द बोलली नाही. आज या व्यासपीठावर उभं राहून सरांच्या बोटांविषयी बोलायचं तर आधी हे सांगणं मला भाग आहे.

सरांनी मला शिकवलं होतं. तरी मला ते वेळेवर आठवलं नाही, कारण शिकणं आणि मुरणं यांत फरक असतो. लेकरांच्या हृदयाचं ज्ञान पुस्तकात सगळं आहे. ते बोटांत आणि डोळ्यांत उतरायला मात्र कुणाच्या तरी शेजारी उभं राहून दोन-तीन वर्षं घालवावी लागतात. त्या दोन-तीन वर्षांना फेलोशिप म्हणतात, आणि माझं आजचं सगळं बोलणं तिच्याविषयी आहे.

आधी थोडा हिशेब मांडतो. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ६१ हजार आणि लातूरची २४ लाख ५४ हजार. दोन्ही मिळून ५८ लाख. हजारी पंधरा जन्म धरले तरी वर्षाला सुमारे ८७ हजार बाळं या दोन जिल्ह्यांत जन्मतात. जन्मतः हृदयात दोष असण्याचं प्रमाण जगभर हजारी आठ-नऊच्या आसपास आहे. म्हणजे आपल्या दोन जिल्ह्यांत वर्षाला सातशे लेकरं. त्यांतल्या अनेकांचं छिद्र लहान असतं, आपोआप मिटतं, किंवा सवडीने बंद करता येतं. पण साधारण पाचव्या हिश्श्याला पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया किंवा कॅथेटरचा उपचार लागतो. सातशेचा पाचवा हिस्सा एकशे चाळीस. दर आठवड्याला दोन-तीन लेकरं. या आठवड्यातली दोन-तीन कुठे तरी जन्मली आहेत. औशाला असतील, मुखेडला असतील, किनवटला असतील. त्यांतलं एखादं आत्ता, आपण इथे बसलो आहोत तेव्हा, आईच्या मांडीवर दूध ओढताओढता थांबत असेल.

या आया काय सांगतात ते मी चाळीस वर्षं ऐकतो आहे. 'डॉक्टरसाहेब, लेकरू पितंय अन् दमतंय.' 'दोन घोट ओढतंय की कपाळ घामानं भिजतंय.' 'बरगड्या आत जातात बघा.' 'रडलं की ओठ निळे पडतात.' मोठं लेकरू असेल तर 'खेळताखेळता उकिडवं बसतंय.' पुस्तकातलं लेकरांच्या हृदयविकाराचं अख्खं वर्णन या पाच वाक्यांत आहे आणि ते शाळेत न गेलेल्या बाईनं केलेलं आहे. ऐकणारा तयार नसतो, एवढीच अडचण. 'सर्दी आहे', 'अंगावरचं दूध कमी पडतंय', 'बाहेरचं दूध चालू करा' असं सांगून आपण तिला परत पाठवतो. आपण म्हणजे मीसुद्धा.

पूर्वी मुख्य अडचण पैशाची असायची. छिद्र सापडलं तरी ऑपरेशनला दोन एकर विकावं लागायचं. ती भिंत बरीच खाली आली आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी महाराष्ट्रात पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत मराठवाड्यातला एकच जिल्हा होता, नांदेड. तीच आज महात्मा जोतिराव फुल्यांच्या नावाने चालते. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१३ मध्ये, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशातला शुभारंभ आपल्याच राज्यात, पालघरला झाला. तेव्हापासून पथकांच्या गाड्या अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन लेकरं तपासतात, संशयित लेकरांची टूडी इको शिबिरं होतात, मुंबई-पुण्याचे तज्ज्ञ येतात. या पथकांतल्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी किती लेकरं वाचवली याची नोंद खरं तर गावोगावच्या चावडीवर लागायला हवी.

पण अंगणवाडीत सुटलेलं लेकरू पथकाला शाळेत भेटतं तेव्हा ते सहा-सात वर्षांचं झालेलं असतं. मोठं छिद्र असलेलं लेकरू इतकं थांबत नाही. थांबलं तर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या जादा दाबाने कडक होऊन बसतात, आणि मग छिद्र बंद करणंच धोक्याचं ठरतं. अशी मुलं मी पाहिली आहेत. दहा-बारा वर्षांची, बोटांची टोकं फुगलेली, नखं निळी. योजना आहे, पैसा आहे, ऑपरेशन करणारा सर्जन आहे, आणि वेळ निघून गेली आहे. त्या आईबापांना हे कुठल्या शब्दांत सांगावं, ते मला अजून जमलेलं नाही.

मग वेळ कुठे गाठायची? जन्मल्यावर चोवीस तासांनी बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावायचा. आकडा ९५ च्या खाली असेल, किंवा हातापायांत तीनपेक्षा जास्त फरक असेल, तर पुन्हा बघायचं आणि पुढे पाठवायचं. अमेरिकेने २०११ मध्ये नवजात बाळांच्या तपासण्यांच्या राष्ट्रीय यादीत ही तपासणी घातली. करोनानंतर हे यंत्र आपल्याकडे घरोघरी पोचलेलं आहे. बाळाच्या पायाला बसणारा पट्टीचा सेन्सर तेवढा वेगळा लागतो.

दुसरी वेळ दीड महिन्याच्या डोसाची. याच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं, म्हणून जरा थांबून सांगतो. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र पहिल्या दिवशी ऐकू येत नाही. जन्मल्याजन्मल्या फुप्फुसांतला दाब जास्त असतो, छिद्रातून रक्त फारसं वाहत नाही, त्यामुळे आवाज नाही. बाळ 'नॉर्मल' म्हणून घरी जातं. चार ते सहा आठवड्यांत तो दाब उतरतो, रक्ताचा लोंढा फुप्फुसांत शिरतो आणि लेकरू दमायला लागतं. नेमक्या त्याच सुमारास आशाताईच्या सांगण्यावरून आई त्याला उपकेंद्रात घेऊन येते. त्या दिवशी नर्सताईने सुई टोचण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. बाळाचं वजन जन्माच्या वजनाशी ताडून बघावं आणि आईला विचारावं, 'पिताना घाम येतो का गं?' एवढ्या एका प्रश्नाने आपली निम्मी लेकरं वेळेत सापडतील असं माझा अनुभव मला सांगतो.

सापडलेलं लेकरू बघणार कोण, या प्रश्नाशी आपण फेलोशिपवर येतो.

लहान मुलाचं हृदय म्हणजे मोठ्या माणसाच्या हृदयाची छोटी प्रत नव्हे. मोठ्यांच्या हृदयतज्ज्ञाचं बहुतेक आयुष्य बंद पडलेल्या रक्तवाहिन्या उघडण्यात जातं. नांदेडला आणि लातूरला हे काम उत्तम करणारे लोक आहेत, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण तीन दिवसांच्या बाळाच्या हृदयात रचनाच उलटसुलट असू शकते. डावीकडची रक्तवाहिनी उजवीकडून निघालेली, एक कप्पा वाढलाच नाही, फुप्फुसातून परतणारं रक्त भलत्याच दारातून आत शिरतं. हे ओळखायला वेगळा डोळा लागतो.

तो डोळा तयार होताना मी जवळून पाहिला आहे. मुंबईच्या एका लहान मुलांच्या रुग्णालयात आपल्याच मुखेड तालुक्यातली एक मुलगी फेलो होती. तिला भेटायला गेलो तेव्हा ती एका पाच दिवसांच्या बाळाची इको करत होती. खोलीतला एसी बंद, जेल गरम पाण्यात ठेवून कोमट केलेलं. बाळाच्या तोंडात साखरेच्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा, आईचा तळवा त्याच्या डोक्यावर. प्रोब अंगठ्याएवढा. मला वाटलं ती थेट छातीवर ठेवेल. तिने तो पोटावर ठेवला. यकृत कुठल्या बाजूला आहे, जठर कुठे आहे, महाधमनी आणि महाशीर कुठून वर जातात, हे बघून मगच ती हृदयाकडे सरकली. आधी वरचे कप्पे, मग खालचे, मग निघणाऱ्या वाहिन्या. प्रत्येक टप्प्याला ती हलक्या आवाजात स्वतःशीच नाव घेत होती. मागे तिच्या मॅडम उभ्या होत्या. एकदाच बोलल्या, 'जे अपेक्षित आहे ते शोधू नकोस. जे आहे ते बघ.' मुलीने प्रोब उचलला आणि पुन्हा पोटापासून सुरुवात केली. पहिल्या फेरीत तिने एक वाहिनी गृहीत धरली होती, ती दुसऱ्या फेरीत जागेवर नव्हती.

असं दोन वर्षांत हजारो वेळा. सोबत कॅथलॅब, ऑपरेशननंतरचा अतिदक्षता विभाग, पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, आणि दर आठवड्याची ती बैठक, जिथे सर्जन, कार्डिओलॉजिस्ट, भूलतज्ज्ञ एकत्र बसून एकेका लेकराचं ठरवतात. एमडी बालरोग झाल्यावर राष्ट्रीय परीक्षा मंडळाने दोन वर्षांची फेलोशिप ठेवली, काही थोड्या संस्थांत तीन वर्षांची डीएम आहे. वयाचा हिशेब करा. अठराव्या वर्षी एमबीबीएस, साडेपाच वर्षं ते, मध्ये प्रवेश परीक्षेची तयारी, तीन वर्षं एमडी, बंधपत्राची सेवा, मग ही दोन-तीन वर्षं. तिशी उलटते. बरोबरीचे मित्र तोवर दवाखाना टाकून घर बांधून मोकळे झालेले असतात. ही वाट धरणाऱ्या पोरांकडे समाजाने प्रेमाने बघायला हवं.

बालहृदयरोगाची ही परंपरा ज्यांच्यापासून सुरू होते त्या बाईंचं नाव इथे घेतलंच पाहिजे. डॉ. हेलन टॉसिग, बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय. त्यांना कमी ऐकू यायचं. स्टेथोस्कोपवर भिस्त ठेवता येईना म्हणून त्या लेकरांच्या छातीवर बोटं ठेवून हृदय वाचायला शिकल्या. निळ्या बाळांच्या फुप्फुसांना रक्त कमी पडतं, तिथे जादा वाट करून द्यावी, ही कल्पना त्यांची. सर्जन ब्लॅलॉक आणि प्रयोगशाळेत ती शस्त्रक्रिया आधी जमवून दाखवणारे कृष्णवर्णीय तंत्रज्ञ व्हिव्हियन थॉमस यांच्यासह २९ नोव्हेंबर १९४४ रोजी ती पहिल्यांदा माणसाच्या बाळावर झाली. टॉसिगबाईंच्या क्लिनिकमध्ये जगभरचे तरुण डॉक्टर शिकायला यायला लागले. आपल्या डॉ. शिवरामकृष्ण पद्मावती त्यांच्याकडे शिकून भारतात आल्या आणि दिल्लीच्या लेडी हार्डिंजमध्ये त्यांनी हृदयरोगाचा विभाग उभा केला. १०३ वर्षांचं आयुष्य जगून त्या २०२० मध्ये करोनाने गेल्या. बाल्टिमोरहून दिल्लीला हे ज्ञान शिकलेल्या माणसासोबत आलं. यंत्रं मागाहून येतच राहिली.

शिकून परत येण्याचं आपल्या मातीलाही नवल नाही. १९६६ मध्ये डॉ. रामकृष्ण अलूरकर, डॉ. अशोकराव कुकडे आणि त्यांचे सोबती याच लातूरला आले आणि विवेकानंद रुग्णालय उभं राहिलं. तेव्हाचं लातूर काय होतं हे इथल्या पांढऱ्या केसांच्या मंडळींना ठाऊक आहे. अंबाजोगाईला १९७४ मध्ये, नांदेडला १९८८ मध्ये, लातूरला २००२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आली. आता तर लातूर पॅटर्नने आणि नांदेडच्या क्लासेसनी महाराष्ट्राला डॉक्टर पुरवायचा विडाच उचलला आहे. दरवर्षी इथून निघणाऱ्या त्या शेकडो पोरापोरींतले किती बालहृदयतज्ज्ञ होतात आणि होऊन किती परत येतात? जे येत नाहीत त्यांना मी बोल लावत नाही. ते परत आले तर बसायला खुर्ची कुठे आहे, हे आपण त्यांना सांगितलेलं नाही.

मला अनेकदा विचारतात, लातूरला अतिविशेषोपचार रुग्णालयाची इमारत झाली, मग लेकरांची हृदयाची ऑपरेशनं इथेच का सुरू करत नाही? इच्छा माझीही आहे. पण बाळाच्या हृदयावरच्या शस्त्रक्रियेला सर्जन एकटा पुरत नाही. हार्ट-लंग मशीन चालवणारा, लेकरांचा भूलतज्ज्ञ, रात्रीच्या दोन वाजता ड्रेनमधला थेंब मोजणारी परिचारिका, अशी माणसं वर्षानुवर्षं एकत्र राबावी लागतात, आणि हात चालते राहायला रुग्णही भरपूर लागतात. महिन्याला चार ऑपरेशनं करणारं केंद्र लेकरांसाठी सुरक्षित नसतं. म्हणून माझ्या मते आपली पहिली गरज आहे ती शोधणाऱ्या, सांभाळणाऱ्या, वेळेत पाठवणाऱ्या आणि परत आलेलं लेकरू पुढे बघणाऱ्या माणसाची.

सांभाळणं म्हणजे काय ते सांगतो. मघाशी म्हटलेली ती जादा रक्तवाहिनी उघडी ठेवणारं औषध आहे, प्रोस्टाग्लँडिन. फ्रीजमध्ये ठेवायचं, सिरिंज पंपातून थेंबाथेंबाने द्यायचं. माझ्या त्या नऊ दिवसांच्या लेकराला ते हवं होतं. पण या औषधाने बाळाचा श्वास थांबू शकतो, म्हणून रुग्णवाहिकेत नळी टाकता येणारा माणूस बसलेला हवा. नांदेड ते मुंबई सहाशे किलोमीटर. किनवटहून निघालं तर नांदेडलाच पोचायला सव्वाशेच्या वर. बिलोली-देगलूरची माणसं म्हणूनच हैदराबाद गाठतात. एवढ्या रस्त्यावर लेकरू टिकवणं हे कॅथलॅबइतकंच कसबाचं काम आहे, आणि ते मुंबईत शिकायला मिळत नाही.

फेलोशिपमधली ही उणीव मला खटकते. मुंबईच्या फेलोला आपल्या लेकराच्या आयुष्यातले पंधरा-वीस दिवस दिसतात. त्याआधी ते तीन दवाखाने हिंडलं, मांत्रिकाकडे गेलं, बापाने सोयाबीनची काढणी उरकेपर्यंत वाट पाहिली, हे दिसत नाही. ऑपरेशननंतर गावी गेल्यावर लघवीची गोळी संपली आणि पुन्हा आणली नाही, हेही दिसत नाही. सांधे धरून मग हृदयाच्या झडपा खराब झालेली मुलं दर एकवीस दिवसांच्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनला का चुकतात, हे शाळेच्या आणि बसच्या वेळापत्रकाशिवाय समजत नाही.

म्हणून माझी मागणी अशी की फेलोशिपमधले किमान चार महिने फेलोने नांदेडच्या विष्णुपुरीतल्या किंवा लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात काढावेत. नवजात कक्षात फेरी मारावी, पथकाच्या गाडीतून हिंडावं, इको करून त्याची क्लिप मुंबईच्या गुरूला पाठवावी आणि संध्याकाळी दोघांनी फोनवर बसून ती बघावी. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ निरनिराळ्या विषयांत फेलोशिपला मान्यता देतं, तेव्हा हे घडवून आणायला मार्ग आहे. केरळने २०१७ मध्ये 'हृद्यम' सुरू केली. तिथे कुठल्याही जिल्ह्यातल्या बाळाची ऑनलाइन नोंद होते, तज्ज्ञ ती बघून निकड ठरवतात आणि रुग्णालय नेमून देतात. आईबाप दारोदार फिरत नाहीत. आपल्याकडे पैशाची योजना केव्हाच आली. त्या बाळापाशी उभा राहणारा माणूस तेवढा घडवायचा राहिला आहे.

परत येणाऱ्याच्या हाताची धार बोथट होऊ नये याचीही काळजी घ्यायला हवी. महिन्यातले पाच दिवस त्याला आपल्या गुरूकेंद्रात जाऊ द्या, कॅथलॅबमध्ये हात घालू द्या, बैठकीला बसू द्या. त्या पाच दिवसांचा पगार कापू नका. आणि लहान प्रोब घ्या. मोठ्यांच्या प्रोबने तीन दिवसांच्या बाळाचं हृदय बघणं म्हणजे नांगराच्या फाळाने सुई उचलणं.

मुखेडची ती मुलगी गेल्या पावसाळ्यात नांदेडला आली. सध्या आठवड्यातून एकदा माझ्याच जुन्या दवाखान्यातल्या मागच्या खोलीत बसते, उसन्या यंत्रावर. मागच्या गुरुवारी एक आजी अकरा दिवसांचा नातू टॉवेलात गुंडाळून घेऊन आली होती. 'पितंय अन् दमतंय' म्हणाली. मी दारात उभा होतो. मुलीने हात धुतले, तळवे एकमेकांवर घासून गरम केले आणि यंत्राकडे न जाता दोन बोटं लेकराच्या जांघेत ठेवली. बाहेर बरीच गर्दी होती. मुलगी थांबली होती.